कुकरच्या शिट्टीला किंचाळतो, मग स्वतः ताट कसं बडवतो?

परभणी जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र, थोडं आवरून:

"माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. मागच्या वर्षी नांदेडला दाखवलं, ऑटिझम आहे म्हणाले. दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलतो. कुकर, मिक्सर, दारावरून गेलेली बुलेट, कशाचाही आवाज झाला की कान दाबून किंचाळतो. नवा कपडा अंगावर ठेवत नाही. जेवणात पांढरा भात, कोरडी भाकरी, पापड, बस्स. केस कापायला चौघांनी धरावं लागतं. आणि हाच मुलगा मे महिन्यातसुद्धा अंगावर वाकळ घेतल्याशिवाय झोपत नाही, कूलरला पाठ लावून तासभर बसतो. सासूबाई म्हणतात, 'उगंच रडू लालंय. सोता ताट बडवतंय तवा नाही का दुखत कान?' खरं सांगू, कधीकधी मलाही तसंच वाटतं. तुळशीचं लग्न झालं की नणंदेचं लग्न आहे. मिस्टर म्हणतात, 'मंडपात बसव, रडून रडून गप बसंल, सवय होईल.' मी काय करू?"

ताई,

सासूबाईंचा प्रश्न आधी घेते. त्यांनी टोमणा मारला असेल, पण बोट अगदी नेमकं ठेवलंय. कुकरच्या एका शिट्टीनं ज्याचा जीव जातो, तोच पोरगा स्टीलचं ताट फरशीवर आपटून घर डोक्यावर घेतो. मग बघणाऱ्याला नाटक वाटणार नाही तर काय?

हे कोडं जुनं आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञानं अकरा मुलांबद्दल जो लेख लिहिला, तिथून ऑटिझमचा अभ्यास खऱ्या अर्थानं सुरू झाला. त्या मुलांना व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र अशा साध्या गोष्टींची दहशत होती. आणि कॅनरनं तिथंच पुढं लिहून ठेवलंय की ज्या आवाजाला मूल घाबरतं, तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मात्र खुशाल करतं. म्हणजे तुमचा मुलगा जगावेगळं काही करत नाही. कॅनरला वाटलं, मुलाला एकटं राहायचं असतं आणि बाहेरचा आवाज त्या एकांतात घुसतो, म्हणून त्रास होतो. आज त्याचं उत्तर वेगळं देतात.

सासूबाईंना एक करून बघायला सांगा. स्वतःच्या तळपायाला स्वतःच गुदगुल्या करायच्या. होणार नाहीत. तेच बोट नातवानं फिरवलं की पाय आखडेल. आपल्या हातून जे होणार असतं त्याची मेंदूला आधीच खबर असते, म्हणून तो त्याची धार कमी करून टाकतो. ताट बडवताना पोराला माहीत असतं, आता खण्ण होणार. किती जोरात, किती वेळा आणि कधी थांबायचं, हे सगळं त्याच्या हातात. कुकरचं तसं नाही. तुम्ही ओट्याशी उभ्या असता, वाफेची सुरसुर ऐकता, शिट्ट्या मोजता. तो पलीकडच्या खोलीत खेळत असतो. त्याच्यावर ती शिट्टी येऊन आदळते, आणि पहिली झाली की दुसरी कधी, या धसक्यात तो बसून राहतो. तुमच्या भाताला तीन शिट्ट्या लागत असतील, तर त्याचा धसका पहिलीपासून तिसरीपर्यंत सलग असतो.

म्हणूनच कूलर चालतो. आपल्याकडचे कूलर काही हळू आवाजाचे नसतात, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पण तो आवाज सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखा असतो, आणि त्याच्या घरघरीत बाहेरचे अचानक होणारे आवाज बुडून जातात. तुम्ही लिहिलं नाहीत, पण लक्ष ठेवा: लाइट जाऊन कूलर एकदम बंद पडला की तो दचकतो का? बहुतेक दचकत असेल.

दुसरी गोष्ट सवयीची, आणि ही मिस्टरांसाठी आहे. नवी बांगडी हातात चढवली की थोडा वेळ जाणवते, मग विसरून जातो. अंगावरच्या कपड्याचं, पंख्याच्या आवाजाचं तसंच. मेंदू 'कळलं, पुढं चला' म्हणतो. काही ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूच्या तपासण्यांत असं दिसलंय की हे 'पुढं चला' उशिरा येतं किंवा येतच नाही. कॉलरच्या मागचं लेबल सकाळी टोचतं तसंच संध्याकाळीही टोचत राहतं. मंडपात बसवल्यावर लेकरू रडून रडून गप बसेल हे मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे, बसेलच. पण ते गप बसणं म्हणजे सवय नव्हे. सोसण्याची ताकद संपली की मूल थिजतं, डोळे एका जागी लावून बसतं, हाक मारली तरी ओ देत नाही. पुढच्या वेळी नुसते मंडपाचे बांबू दिसले तरी त्याचा आकांत सुरू होतो, आणि मग घरचे म्हणतात, आता तर काही वाजतही नाही, तरी रडतंय.

हे सगळं लाडानं झालेलं नाही, याला कागदाचाही आधार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेची जी निदानपुस्तिका जगभर वापरतात, तिच्यात २०१३ पासून संवेदनांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या लक्षणांत धरलं जातं. त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या बऱ्याच शिक्षकांना आणि काही डॉक्टरांनाही हे कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून ते 'शिस्त लावा' म्हणून मोकळे होतात.

'फार कमी' हे शब्द वाचून पुढं जाऊ नका, तुमच्या घरात तेही आहे. एकाच लेकराचा कान फार तिखट आणि अंग मात्र बधिर, असं असू शकतं. वाकळ त्यातलीच. अंगावर सगळीकडून सारखा दाब पडला की पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना शांत वाटतं. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक स्वतः ऑटिस्टिक आहेत. शाळकरी वयात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावर, त्यांनी पाहिलं की लस देण्यासाठी खोड्यात घातलेली जनावरं दोन्ही बाजूंनी दाब पडला की शांत होतात. त्या स्वतः त्या खोड्यात शिरल्या, बरं वाटलं, आणि पुढं त्यांनी स्वतःसाठी तसं दाब देणारं यंत्रच बनवलं. दाब किती द्यायचा ते त्यांच्या हातात होतं, हे विसरू नका. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यापुढचा खोडा मिस्टरांनी पाहिलेला असणार, त्यांना ही गोष्ट सांगा.

तेव्हा वाकळ काढून घेऊ नका. मात्र मे महिन्यातल्या परभणीत ती तोंडावर येता कामा नये, आणि त्याला स्वतःला ढकलून देता आली पाहिजे. एखादी पातळ जुनी वाकळ चौघडी करून फक्त पायांवर आणि मांड्यांवर टाकून बघा, पंखा-कूलर चालू ठेवून. ऑनलाइन वजनदार पांघरुणं मिळतात, महाग असतात. इंग्लंडमध्ये ऑटिस्टिक मुलांवर त्यांची चाचणी झाली होती, २०१४ मध्ये निष्कर्ष आले: झोप काही वाढली नाही, मुलांना आणि आईबापांना पांघरूण आवडलं मात्र. एवढ्यासाठी आजीनं शिवलेली वाकळ असताना पैसे घालवायची गरज नाही.

बधिरपणाची बाजू मला आवाजापेक्षा जास्त काळजीची वाटते, कारण ती ओरडून सांगत नाही. बाभळीचा काटा मोडून पायात पू झाला तरी मूल तसंच खेळत राहतं. तहान लागलेली कळत नाही, लघवीला आलेली शेवटच्या क्षणी कळते. रोज आंघोळ घालताना तळवे, बोटांच्या बेचक्या, डोकं बघत जा. उन्हाळ्यात तो पाणी मागायची वाट न बघता वेळ ठरवून देत जा. आणि एखाद्या दिवशी कारण नसताना चिडचिड फार वाढली तर आधी कान, दात, पोट तपासा. बद्धकोष्ठानं बेजार झालेल्या मुलाला 'ऑटिझम वाढला' म्हणणारे खूप भेटतात. कानांची रीतसर तपासणी झाली नसेल तर तीही एकदा करून टाका.

आता घरातलं. आवाज होण्याआधी त्याला कळलं पाहिजे आणि जमेल तिथं बटण त्याच्या बोटाखाली पाहिजे, एवढं धरून चाला. मिक्सर रिकामा ठेवा, पातं काढून, भांडं न लावता. प्लग तुम्ही लावा, बटण तो दाबेल. सुरू, बंद, सुरू, बंद, त्याला कंटाळा येईपर्यंत. त्याला लांब दाराशी उभं राहून नुसतं बघायचं असेल तर तेही चालेल. काही दिवसांनी चटणी वाटायच्या आधी 'मिक्सर' म्हणून सांगा आणि त्याला बटण दाबू द्या किंवा अंगणात जाऊ द्या. कुकरला हात लावू द्यायचा नाही, पण लावला की त्याला तीन खडे द्या, एका शिट्टीला एक खडा डब्यात टाकायचा. डब्यात तीन पडले की संपलं. जे कधी संपणार माहीत नव्हतं त्याला शेवट आला की निम्मा त्रास जातो. आणि ज्या दिवशी शाळेतून रडून आला असेल त्या दिवशी हा अभ्यास नको, सरळ पातेल्यात भात टाका. दिवसभराचं सोसलेलं संध्याकाळपर्यंत साचत जातं. शाळेत शहाण्यासारखं बसणारी कितीतरी मुलं घराचा उंबरठा ओलांडला की फुटतात, आणि आईला वाटतं मीच वाईट. तुमच्याजवळ फुटतो कारण तिथं फुटायला त्याला भीती वाटत नाही.

लग्नाचं. त्याला घरी ठेवू नका, आणि दिवसभर मंडपातही ठेवू नका.

पहिलं काम माणूस ठरवण्याचं. तुम्ही नवरीच्या वहिनी, तुम्हाला त्या दिवशी पाणी प्यायला फुरसत मिळणार नाही. त्याच्यासाठी एक माणूस वेगळा काढा, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही. तुमचा भाऊ असेल तर उत्तम. लग्नात नवरीच्या मामाला काम असतं, याच्या मामाला नसतं. कार्यालयात एक खोली आधीच मागून घ्या, स्पीकरच्या विरुद्ध बाजूची, आणि तिथं आहेराची पोती आणि पाहुण्यांच्या बॅगा येणार नाहीत असं बघा. वाकळ तिथं नेऊन ठेवा. लग्नाच्या आधी एक दिवस कार्यालय रिकामं असताना त्याला फिरवून आणा. ही आत्याची खुर्ची, ही आपली खोली, हा बाहेरचा जिना. मोबाइलवर फोटो काढा आणि रोज झोपताना दाखवा.

कारखान्यात मशीनवर काम करणारे कानावर लावतात तसे इअर मफ घ्या, हेडफोन नव्हे. ते लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा लावायचे नाहीत. आतापासून घरात खेळता खेळता, आवडती गोष्ट बघताना लावायची सवय करा. फक्त दिवसभर कानावर ठेवू नका. आवाज येणार तेव्हा लावायचे, गेला की काढायचे.

हळदीला त्याच्या गालाला हळद फासायला आत्या-मावश्या धावतील. ओल्या हळदीचा तो चिकट स्पर्श त्याला नको असेल. त्याला आत्याच्या हाताला एका बोटानं हळद लावू द्या, फोटो तेवढ्यातच मिळेल. पोटाशी धरणं, मुके घेणं, प्रत्येकाच्या पाया पडायला लावणं, हे त्या दिवसापुरतं माफ. हात जोडले तरी नमस्कार होतो. शेरवानी आणू नका. त्याचा अंगवळणी पडलेला सुती शर्ट चालेल. नवाच हवा तर आत्ताच आणा, आठ-दहा वेळा धुवा, लेबल मुळापासून काढा आणि आत बनियन उलटा घाला म्हणजे शिवण टोचणार नाही.

मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता सगळीकडून येतात आणि शेवटच्या 'सावधान'ला वाजंत्री, हलगी, फटाके एकदम फुटतात. आवाज, गर्दी आणि अंगावर पडणारे तांदूळ, तिन्ही एकाच क्षणी. त्याच्या मामानं शेवटच्या मंगलाष्टकेच्या आधी त्याला घेऊन खोलीत गेलेलं असावं. आत्याला भेटायचं ते लग्न लागून गर्दी जेवायला गेल्यावर, तेव्हा मंडप निम्मा रिकामा असतो. वरातीत नेऊ नका. डीजेबद्दल भांडण काढा असं मी म्हणणार नाही, पण रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, तेवढं मिस्टरांनी डीजेवाल्याशी आधीच बोलून ठेवावं. घरात म्हातारी माणसं आहेत, तान्ही पोरं आहेत. त्यांचंही भलं होईल.

'बाहेर जायचं' हे दोन शब्दांत, चित्रात किंवा हाताच्या खुणेनं, जसं जमेल तसं आतापासून शिकवा. आणि तो म्हणाला की लगेच उठायचं. 'जेवून जाऊ, फोटो झाला की जाऊ' असं दोनदा झालं की तो सांगणं सोडून देईल आणि किंचाळणं धरेल.

इतकं करूनही त्याचा तोल गेलाच, तर त्याला घोळक्यातून बाहेर काढा, उजेड कमी करा, आणि गप्प राहा. 'काय झालं, काय पाहिजे, बघ बघ मामा आला' हे शब्दसुद्धा त्या वेळी आवाजच असतात. थप्पड तर नाहीच. कोणी मोबाइल काढला तर त्याच्यापुढं उभ्या राहा. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या घेऊन बायका येतील, त्यांना म्हणा, 'तो निजला की ओवाळा.' अशा वेळी तो तुमचं ऐकत नसतो असं नाही, त्याला ऐकू येतं पण अर्थ लागत नाही. शांत व्हायला अर्धा तास लागेल, कधी जास्त.

जेवणाचं एकच सांगते. पांढरा भात, कोरडी भाकरी, पापड: हे तिन्ही प्रत्येक घासाला सारखेच लागतात. वरणात एका घासाला मोहरी येते, दुसऱ्याला कढीपत्ता. येसर भाजताना त्याला घराबाहेर जाऊ द्या, तो वास त्याच्यासाठी फार होतो. त्याच्या ताटात काही मिसळू नका, लपवून तर मुळीच घालू नका, एकदा सापडलं की भातही सुटेल. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, लांब ठेवा, खाण्याचा आग्रह न करता. भाकरीतून धपाट्याकडे जाता येईल, त्यात तिखट-मीठ अगदी चिमटीभर. वजन घटत असेल किंवा माती-खडू खात असेल तर रक्त तपासून घ्या.

ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा असं तुम्हाला सांगितलं असेलच. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, तिथं आधी विचारा. संवेदनांवरच्या थेरपीची कल्पना जीन आयर्स या अमेरिकी थेरपिस्टनं मांडली, आता तिला पन्नास वर्षं होऊन गेली, तरी तिचा पुरावा अजून मर्यादितच आहे. म्हणून थेरपिस्टला विचारा, 'तीन महिन्यांत नेमकं काय बदलायला हवं?' दात घासू देईल, चप्पल घालेल, असं बघता येण्यासारखं उत्तर द्यायला हवं. ते देत नसतील आणि वर्षाचे पैसे एकदम मागत असतील, तर उठून या. 'स्टेम सेलनं ऑटिझम बरा' अशी जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर डिलीट करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. शाळेत घंटेपासून लांबची जागा, प्रार्थनेच्या वेळी स्पीकरपासून मागं उभं राहणं, एवढं गुरुजी आजही करू शकतात. ऐकत नसतील तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा.

राहिले केस. लग्नाच्या आदल्या दिवशी कापायला नेऊ नका, निदान तीन आठवडे आधी उरका, आणि चौघांनी धरणं आजपासून बंद. न्हाव्याला घरी बोलवा. मशीन नको, कात्रीच बरी, आणि पाण्याचा फवारा मारायचा नाही. मानेवर पडलेले केस फार टोचतात, म्हणून बादलीत पाणी तयार ठेवा, लगेच आंघोळ. कात्री आधी त्याच्या हातात देता येणार नाही, पण कंगवा देता येईल. तो न्हाव्याच्या केसांतून फिरवेल, मग न्हावी त्याच्या. एका बैठकीत एकच बाजू झाली तर तेवढ्यावर थांबा, दुसरी बाजू दोन दिवसांनी. दोन दिवस पोरगं अर्धवट दिसेल, दिसू द्या.